रायन व्हाइट आणि शाळेचे बंद दार

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, कोकोमो गावी ६ डिसेंबर १९७१ रोजी जन्मलेल्या रायन व्हाइटला हिमोफिलिया होता, हे तो तीन दिवसांचा असतानाच कळले. या आजारात रक्त गोठवणारा एक घटक कमी पडतो आणि सांध्यांत रक्तस्राव होत राहतो. त्यावर ‘फॅक्टर आठ’चे इंजेक्शन होते. पण ते हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवत. त्यांतला एखादाच बाधित असला तरी सगळा साठा दूषित होई, आणि रक्तातला एचआयव्ही शोधणारी चाचणी तेव्हा नव्हती.

डिसेंबर १९८४ मध्ये न्यूमोनिया झाला. फुप्फुसाचा काही भाग काढावा लागला आणि निदान झाले एड्सचे. रायन तेरा वर्षांचा होता. डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत सांगितली.

तो सावरला, शाळेत जायला निघाला, तर शाळेनेच दार लावले. शंभरावर पालकांनी आणि पन्नास शिक्षकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. सोबत बसल्याने, हात लावल्याने हा आजार पसरत नाही, हे वैद्यकशास्त्राला तेव्हाही ठाऊक होते. त्याच्याच घरात राहणारी आई आणि धाकटी बहीण निरोगी होत्या. याहून वेगळा पुरावा कोणता हवा होता? रायन घरोघर पेपर टाकायचा. कागदावरून रोग येईल म्हणून काहींनी पेपरच बंद केला. घरी बसून तो फोनवर तास ऐके.

कोर्टकचेऱ्या होऊन एप्रिल १९८६ मध्ये तो वर्गात परतला. स्वच्छतागृह वेगळे, जेवणाचे चमचे वापरून फेकायचे. मग घराच्या खिडकीतून गोळी आली आणि कुटुंबाने गाव सोडले.

१९८७ मध्ये आर्केडिया गावच्या शाळेने आधी मुलांना या आजाराची माहिती दिली. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी आणि मुलांनी त्याच्याशी हात मिळवले. एवढेच तर करायचे होते.

१९८८ मध्ये त्याने राष्ट्राध्यक्षांच्या एड्स आयोगापुढे साक्ष दिली. सहा महिन्यांची मुदत मिळालेला रायन पाच वर्षांहून अधिक जगला. शालान्त पदवीला महिनाभर उरला असताना, ८ एप्रिल १९९० रोजी तो गेला. त्याच ऑगस्टमध्ये गरीब एचआयव्हीबाधितांच्या उपचारांसाठीचा कायदा त्याच्या नावाने झाला. इंडियानापोलिसच्या बालसंग्रहालयात त्याची खोली पुन्हा उभारली आहे.