माळ्यावरचा इकमिक आणि त्याचे डॉक्टर

मैत्रिणींनो, यंदा डिसेंबरात माझी लेक पुण्याहून आली ती एक जड खोकं घेऊन. उघडून बघते तर आत मातीच्या माठासारखं गुळगुळीत भांडं, त्याला काचेचं झाकण आणि खाली विजेची वायर. म्हणाली, आई, हा स्लो कुकर. सकाळी सगळं घालून ठेवायचं आणि विसरून जायचं. आता स्वयंपाक विसरून कसा जायचा, हे मला चाळीस वर्षांच्या संसारात कुणी शिकवलं नव्हतं!

तिला इटालियन पद्धतीचा चिकन स्ट्यू करायचा होता. आमच्या गोंदियाच्या बाजारात थंडीत भाज्यांची काय कमी? गाजर, आलू, फुलकोबी, ओला वाटाणा, टमाटर, सगळं ताजं मिळालं. ओरेगॅनो तेवढा ती पुण्याहून घेऊन आली होती. सकाळी दहाला कुकर लावला. दुपारी एकला लाइट गेली. भांडं कोमट व्हायला लागलं आणि चिकन अर्धंकच्चं. शेवटी सगळं पातेल्यात ओतून गॅसवर चांगलं उकळून शिजवलं. लेक हिरमुसली. कोपऱ्यात वाटाणे सोलत बसलेल्या माझ्या सासूबाई मात्र गालात हसत होत्या. म्हणाल्या, अगं, हे तर आपलं इकमिक. त्याला कुठं लाइट लागत होती?

माळ्यावरून काढला तेव्हा तो जाळ्यांनी भरला होता. पितळेचा उंच डबा, आत एकावर एक बसणारी चार भांडी, अगदी जेवणाच्या डब्यासारखी, आणि तळाशी कोळशाची छोटी शेगडी. माझे आजेसासरे बी.एन.आर.मध्ये, म्हणजे बंगाल नागपूर रेल्वेत, गार्ड होते. त्या काळी गोंदिया जंक्शनवर बंगाली बाबू पुष्कळ. त्यांतल्याच एका सोबत्याने कलकत्त्याहून हा कुकर आणून दिला होता म्हणे. तो करणारा माणूस कोण, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी शोधायला लागले आणि त्या माणसाच्या प्रेमातच पडले.

त्यांचं नाव डॉ. इंदुमाधव मल्लिक. जन्म 4 डिसेंबर 1869, बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यातल्या गुप्तिपाडा गावी. गंगेकाठचं हे गाव जगन्नाथाच्या रथयात्रेसाठी प्रसिद्ध आहे. जगन्नाथाचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

या माणसाला शिकण्याचा सोस किती असावा! तत्त्वज्ञानात एम.ए. केलं. तेवढ्यावर थांबले नाहीत, पदार्थविज्ञानात पुन्हा एम.ए. मग वकिलीची पदवी. मग वैद्यकी, आणि 1908 साली एम.डी. मधल्या काळात कलकत्त्याच्या बंगवासी कॉलेजात शिकवलंही. आपल्याकडे एखादा मुलगा सारखा लाइन बदलायला लागला की आपण कपाळाला हात लावतो. पण इंदुमाधवांचं एकही शिक्षण वाया गेलं नाही. वाफ कशी वागते हे पदार्थविज्ञानाने शिकवलं, आणि पोटात काय गेलं म्हणजे माणूस आजारी पडतो हे वैद्यकीने.

त्यांना फिरण्याचीही हौस होती. चीनला जाऊन आले, विलायतेला जाऊन आले, आणि दोन्ही प्रवासांवर बंगालीत पुस्तकं लिहिली. डॉक्टर म्हणूनही ते काळाच्या पुढे होते. रोग्याच्याच शरीरातल्या जंतूंपासून त्याच्यासाठी लस करायची, ही उपचाराची पद्धत आपल्या देशात आणणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतात.

ते दिवस आठवून बघा. कॉलरा, विषमज्वर, प्लेग यांनी गावंच्या गावं धुऊन निघत. शिकायला किंवा नोकरीला शहरात आलेली माणसं खानावळीत जेवत. तिथलं पाणी कसलं, भांडी कशी घासलेली, याची चौकशी कोण करणार? जेवण झाकलेलं असावं, वाफेवर पूर्ण शिजलेलं असावं, गरम गरम पानात पडावं, एवढं जरी जमलं तरी निम्मं दुखणं टळेल, हे डॉक्टरांना दिसत होतं. पण रोग्याला नुसतं सांगून काय उपयोग? त्याच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं.

ते काहीतरी त्यांना पुरीला सुचलं, असं सांगतात. जगन्नाथाच्या मंदिरात महाप्रसाद शिजतो तो मातीच्या मडक्यांत. चुलीवर एकावर एक मडकी रचतात आणि एकाच विस्तवावर सगळी उतरंड शिजते. लाखो यात्रेकरूंनी ते बघितलं असेल, हात जोडले असतील, प्रसाद घेतला असेल. इंदुमाधवांनीही घेतला. पण त्यांच्या डोक्यात पदार्थविज्ञान होतं. ही उतरंड घरात आणता येईल का, या विचाराने ते परतले.

1910 साली त्यांचा कुकर तयार झाला. बाहेर उभा डबा, तळाला निखारे, त्यावर पाणी, आणि वाफेत एकावर एक चार भांडी. एकात भात, एकात वरण, एकात भाजी, एकात मटण. घट्ट झाकण लावायचं आणि आपल्या कामाला लागायचं. पाणी उकळतं ते 100 अंशांवर, त्यामुळे भांड्यांना त्याहून जास्त आच लागतच नाही. म्हणून करपायची भीती नाही, ढवळायला नको, उतू जायला नको. निखारे आपोआप विझत जातात आणि जेवण आत गरमच राहतं. आरोग्याचा आणि काटकसरीचा, या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांच्या शेपट्या जोडून इकमिक हे नाव झालं असं म्हणतात. नाव काही असो, ते बंगालभर झालं आणि रेल्वेच्या रुळांवरून फिरत फिरत आपल्याकडेही आलं. पुण्या-मुंबईच्या बिऱ्हाडांतसुद्धा इकमिक दिसायचा.

मला एका गोष्टीची फार गंमत वाटते. पुढे अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन नावाच्या माणसाने विजेवरचं असंच मंद शिजवणारं भांडं काढलं. त्याचं पेटंट त्याला 1940 साली मिळालं, आणि 1971 पासून तेच भांडं क्रॉक-पॉट या नावाने घरोघरी गेलं. त्यालाही ही कल्पना आईकडून मिळाली होती. लिथुआनियातल्या ज्यू घरांतल्या बायका शुक्रवारी संध्याकाळी मांस आणि कडधान्याचं भांडं गावातल्या भट्टीत ठेवत, कारण दुसऱ्या दिवशी शब्बाथ, विस्तव पेटवायचा नाही. म्हणजे एकाला देवळाच्या उतरंडीने शिकवलं, दुसऱ्याला आईच्या भट्टीने. लेकीच्या खोक्यातला स्लो कुकर हा त्या दुसऱ्या घराण्यातला. आपल्या डॉक्टरांचा कुकर त्याच्या तीस वर्षं आधीचा.

पण डॉक्टरांना स्वतःला फार आयुष्य लाभलं नाही. 8 मे 1917 रोजी ते गेले, वय अवघं 47. कुकर येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. एवढ्या पदव्या, एवढे प्रवास, पुस्तकं, दवाखाना, आणि लोकांच्या लक्षात राहिलं काय, तर स्वयंपाकघरातलं एक भांडं. कुणाला हे कमीपणाचं वाटेल. मला नाही वाटत. मोठ्या शिकलेल्या माणसाने चुलीकडे बघावं आणि इथेही काही सुधारायला हवं असं त्याला वाटावं, हे त्या काळात रोज घडत नव्हतं.

हे सगळं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी त्यांच्या सासूची, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंची गोष्ट सांगितली.

आजेसासूबाईंना सात मुलं. पहाटेपासून चुलीपुढे. धुराने डोळे सदा लाल आणि खोकला कायमचा. कमरेचं दुखणंही तिथलंच. आजेसासऱ्यांनी इकमिक आणला तो खरं तर स्वतःच्या ड्यूटीसाठी, पण त्यांनी एकदा घरी लावून बघितला आणि मग तो घरीच राहिला. सकाळचा स्वयंपाक त्यात लावला की त्या अंगणात घोंगडं टाकून आडव्या व्हायच्या. दोन-अडीच तास. बस, एवढंच. त्या वेळात काही शिकल्या नाहीत, वाचलं नाही, काही मोठं केलं नाही. नुसत्या पडून राहायच्या.

आणि तेवढ्यावरून घरात महाभारत! ज्याला बायको नाही त्याने कुकरात शिजवावं, घरच्या लक्ष्मीने नव्हे, असं त्यांच्या सासूचं म्हणणं. शेजारणी नावं ठेवायच्या. आजेसासूबाई उलटून काही बोलल्या नाहीत, पण कुकरही सोडला नाही. पाहुणे यायचे असले की चूल पेटवायच्या आणि एरवी इकमिक. सासूबाई म्हणाल्या, मी नवी सून होऊन आले तेव्हा मलाही त्यांचा रागच यायचा. स्वयंपाक शिजत असताना बाई झोपते कशी? आता माझी कंबर गेली तेव्हा कळतं.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला माझाच चेहरा दिसला. मी शाळेत नोकरी केली. सकाळची गाडी पकडायची म्हणून पाचला उठून कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. प्रेशर कुकर आपल्याकडे बनू लागले ते 1959 च्या सुमारास, आणि तेव्हापासून आपण घाईला वाढल्या. घाई करूनसुद्धा मनात टोचणी असायचीच, की आपण घरच्यांना नीट करून घालत नाही. बाई चुलीपुढे उभी राहिली तरच जेवणात माया उतरते, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं? 1910 साली एका डॉक्टरने ते डोक्यातून काढायची सोय करून ठेवली होती. आपण ती माळ्यावर टाकली.

मग आम्ही हट्टालाच पेटलो. टमाटर आंबट, आणि पितळेला आंबट लागलं की जेवण कळकतं, म्हणून आधी आतल्या भांड्यांना कल्हई हवी. कल्हईवाला शोधण्यातच दोन आठवडे गेले. कल्हई झाली आणि जानेवारीतल्या एका रविवारी अंगणात इकमिक मांडला. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधी लावू नका बरं का, तो धूर जिवावर बेततो.

एक किलो चिकन, दोन कांदे, आठ-दहा लसूण पाकळ्या, चार टमाटर, दोन गाजरं, दोन आलू, एक तमालपत्र, काळीमिरी, चमचाभर ओरेगॅनो आणि मीठ. कांदा-लसूण थोड्या तेलात आधी परतून घेतलं. पाणी फक्त अर्धी वाटी, कारण चिकन आणि टमाटर स्वतःचंच पाणी सोडतात. हे सगळं सर्वांत खालच्या दोन भांड्यांत वाटून घातलं, कारण आच तिथे जास्त. तिसऱ्यात आपला चिन्नोर तांदूळ, चौथ्यात वाटाणा आणि फुलकोबी. शेवटी त्या भाज्या स्ट्यूमध्ये मिसळल्या आणि वरून सांबार चिरून घातला. इटलीत सांबार घालत नसतील, पण आमच्या गोंदियात कोथिंबिरीशिवाय, म्हणजे सांबाराशिवाय, पान पुढे येत नाही.

ज्यांच्याकडे विजेचा स्लो कुकर आहे त्यांनी हेच सगळं कमी आचेवर सहा तास किंवा जास्त आचेवर तीन-साडेतीन तास ठेवावं, आणि वाटाणा-कोबी शेवटच्या अर्ध्या तासात घालावी. झाकण सारखं उघडू नका, वाफ जाते. बर्फातलं घट्ट चिकन तसंच घालू नका. आणि राजमा घालायचा असेल तर भिजवून, आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळून मगच घाला. नुसत्या मंद आचेवर त्यातलं विष जात नाही.

अडीच तास आम्ही तिघी अंगणात उन्हात बसलो होतो. सासूबाई घोंगडीवर, लेक तिच्या मोबाइलवर, आणि मी काहीच न करता. मध्ये दोनदा सवयीने उठले. सासूबाईंनी हात धरून खाली बसवलं. चिकन मऊसूत झालं होतं. पण मला विचाराल तर त्या जेवणाची खरी चव त्या अडीच तासांतच होती.