मुंबई बेटाचा खंडकरी वैद्य : गार्सिया द ओर्ता

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या, सूक्ष्मदर्शक यंत्र आणि जाडजूड ग्रंथ उभे राहतात. विज्ञानाची इमारत एकीकडे, वैद्यकाची दुसरीकडे, भाषा आणि शिक्षणशास्त्राची तिसरीकडे, अशी आजच्या विद्यापीठांची मांडणी असते. या भिंती उभ्या राहण्याच्या कितीतरी आधी, साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी, आपल्या याच किनाऱ्यावर एक वैद्य वावरत होता. झाडपाला, रोग, रत्ने, भाषा, लेणी आणि माणसे या सर्वांची तो सारख्याच उत्सुकतेने चौकशी करी. वसईच्या अमलाखालचे मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. त्याची हकीकत आपण ध्यानी घ्यावी अशी आहे.

ओर्ताचा जन्म इ. स. १५००च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या गावी झाला. त्याचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली स्पेनमधून यहुद्यांची हकालपट्टी झाली तेव्हा ती मंडळी पोर्तुगालात आली आणि १४९७ साली तेथेही त्यांच्यावर सक्तीने धर्मांतर लादले गेले. अशा धास्तावलेल्या घरात हा मुलगा वाढला. सालामांका आणि आल्काला या स्पेनमधील नामांकित विद्यापीठांत त्याने तत्त्वज्ञान आणि वैद्यक यांचा अभ्यास केला. काही वर्षे गावी वैद्यकी केल्यावर लिस्बनच्या विद्यापीठात तो अध्यापक झाला. पोटापाण्याची सोय झाली होती, मानमरातबही होता. पण १५३४च्या मार्च महिन्यात मार्तीं अफोन्सो द सौझा या सरदाराचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला आणि सप्टेंबरात गोव्यास उतरला. मायदेशी तो पुन्हा कधीच गेला नाही.

त्याच वर्षी आपल्या वसईचे दैव पालटले. २३ डिसेंबर १५३४च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यांत मुंबईही होती. पुढे १५५०च्या दशकात हे मुंबई बेट ओर्ताला वार्षिक खंडाने मिळाले. आज जेथे पाय ठेवायला जागा नाही, तेथे त्या काळी नारळी-पोफळी, भातखाचरे आणि कोळ्यांची वस्ती होती. ओर्ताने तेथे घर बांधले, बाग केली. मुंबईच्या आंब्यांचा आणि वर्षातून दोनदा फळणाऱ्या एका आंब्याच्या झाडाचा त्याने मोठ्या कौतुकाने उल्लेख केला आहे.

आता त्याच्या शिक्षणाच्या दुसऱ्या टप्प्याकडे वळू. पहिले शिक्षण विद्यापीठात झाले होते, दुसरे दख्खनमध्ये झाले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील बुऱ्हाण निजामशहाने त्याला उपचारांसाठी अनेकदा बोलावले. या दरबारात विद्वान हकीम होते. इब्न सीनाचा ग्रंथ ओर्ता लॅटिनमधून शिकला होता. हे हकीम तोच ग्रंथ मूळ अरबीतून वाचत. एकाच ग्रंथाचे दोन वाचक समोरासमोर बसल्यावर भाषांतरात कुठे काय बिघडले होते ते उघड होऊ लागले. खुद्द निजामशहा त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे सांगे आणि त्याच्याकडून लॅटिन नावे शिकून घेई. राजा आणि वैद्य, मुसलमान आणि ख्रिस्ती, एकमेकांचे शिष्य बनून बसलेले हे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्या काळी समुद्रावर दोन्ही धर्मांचे लोक एकमेकांची जहाजे बुडवीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या चित्राचे मोल कळते.

तीस वर्षांच्या या चौकशीचे फळ म्हणजे १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापला गेलेला त्याचा ग्रंथ. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी हे एक. भारतातील वनस्पती आणि औषधिद्रव्ये हा त्याचा विषय, आणि मांडणी संवादांची. रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य स्पेनमधून येतो. त्याचा सारा भरवसा ग्रीकांच्या जुन्या पोथ्यांवर. ओर्ता त्याला वस्तू प्रत्यक्ष दाखवतो आणि पोथी कोठे चुकली ते समजावून देतो. युरोपात असता तर जुन्या आचार्यांविरुद्ध बोलण्याची आपली छाती झाली नसती, असे तो मोकळेपणाने कबूल करतो.

यातील विषयांची यादी वाचली तर आपल्या परसात फिरल्यासारखे वाटेल. नारळ, सुपारी, विड्याचे पान, केळी, फणस, जांभूळ, कोकम, बोर, हळद, चिंच, पारिजातक, वेखंड, बिब्बा, धोतरा, भांग, अफू! चिंचेला अरबांनी भारतीय खजूर या अर्थाचे नाव दिले होते. त्या नावावरून परदेशी पंडित तिला ताडा-माडाच्या कुळातले झाड समजत. ओर्ताने चिंचेचे झाड पाहिले होते, म्हणून ही चूक त्याने दुरुस्त केली. हिरा पोटात गेल्यास विषासारखा मारतो, हा समजही त्याने खोडून काढला.

वैद्यकात त्याचे सर्वांत मोठे काम पटकीसंबंधीचे. या रोगाचे युरोपीय वैद्याने केलेले हे अगदी पहिल्या तपशीलवार वर्णनांपैकी एक मानले जाते. खोल गेलेले डोळे, थंडगार घाम, हाताला न लागणारी नाडी, पायांत येणारे गोळे, ही सारी लक्षणे त्यात आहेत. त्याने या रोगाची नावे कोणती दिली ते पाहा. येथील लोकांच्या तोंडचे मोडशी आणि अरबांचे हैजा ही दोन्ही त्याने टिपून ठेवली. तुमच्या-आमच्या घरांत ही दोन्ही नावे आजीच्या तोंडून ऐकलेली असतील. येथील वैद्य रोग्याला जिरे आणि मिरी घालून तांदळाची पेज पाजत, हेही त्याने लिहून ठेवले. त्याचे स्वतःचे काही उपाय मात्र आज वाचवत नाहीत. रोगाचा जंतू त्याला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. तो ओळखला जायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचवले. पुढे तांदळापासून केलेल्या क्षारद्रावणाचेही प्रयोग झाले. पेजेच्या वाटीत काही तथ्य होते, हे कळायला एवढा काळ जावा लागला. ती वाटी कोणीतरी लिहून ठेवली होती, ही गोष्ट लहान नाही.

वसईच्या माणसांचीही त्याने नोंद घेतली. शेत कसणारे कुणबी, बागायती करणारे माळी, हिशेब सांभाळणारे परभू, व्यापारी वाणी, पारशी आणि नायते मुसलमान यांचा तो उल्लेख करतो. साष्टीतील आणि घारापुरीच्या लेण्यांचेही त्याने वर्णन केले आहे. वैद्यकाच्या पुस्तकात हे कशाला, असे कोणी विचारील. पण औषध, ते पिकवणारा माणूस आणि त्या माणसाचा मुलूख या तीन गोष्टी त्याच्या लेखी वेगळ्या नव्हत्या.

वाचकहो, थोरांच्या चरित्रात उणेही सांगितले पाहिजे. ओर्ता निव्वळ ज्ञानासाठी जगणारा साधू नव्हता. तो रत्नांचा व्यापार करी, जमिनीचा खंड खाई. त्याच्या संवादांत झाडे-फळे आणून दाखवणारी आंतोनिया ही त्याची गुलाम होती. मालुपा नावाच्या एका हिंदू वैद्याला त्याने पुस्तकात बोलते केले, हे चांगलेच. परंतु ज्या असंख्य माळ्यांनी, हकिमांनी आणि बायाबापड्यांनी त्याला माहिती पुरवली, त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत.

पुढे तर आणखी नुकसान झाले. १५६७ साली क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्प येथे या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप छापला. युरोपभर तोच वाचला गेला. त्यात झाडे राहिली, गुण राहिले. संवाद मात्र गळाले. संवाद गळाले त्याबरोबर आंतोनिया गेली, मालुपा गेला, दरबारातल्या चर्चा गेल्या. ज्ञान पोहोचले आणि ते देणारी माणसे मागे राहिली.

ओर्ताचा शेवट करुण आहे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय सुरू झाले. १५६८ साली ओर्ता वारला तो अंथरुणात, सन्मानाने. परंतु पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. सर्वांना सर्व काही विचारणारा हा माणूस स्वतःच्या घरातली एक गोष्ट जन्मभर मनात दडवून जगला असावा. आज पणजीत एका उद्यानाला त्याचे नाव आहे. ज्या गोव्यात त्याच्या हाडांची राख झाली, तेथेच मुले आता त्याच्या नावाच्या बागेत खेळतात.

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? विषय अनेक असतात, पण ते शोधण्याची रीत एकच : ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावे, मग तो राजा असो की माळी, आपल्या धर्माचा असो की दुसऱ्याच्या, ऐकलेले पडताळून पाहावे, आणि कोणी सांगितले तेही लिहावे. ही शेवटची गोष्ट ओर्ताकडून अर्धीच झाली आणि त्याच्यानंतरच्यांनी तीही पुसली. आपल्या वसई-विरारच्या पानमळ्यांच्या आणि केळीच्या बागांच्या जागी भराभर इमारती उभ्या राहिल्या आहेत. कोणत्या तापावर कोणता पाला, कोणत्या जमिनीत कोणती केळ, हे सांगणारे वृद्ध अजून गावोगावी आहेत. या सुटीत एक वही करा. झाडाचे नाव मराठीत लिहा, घरी उर्दू किंवा कोकणी बोलत असाल तर त्या भाषेतही लिहा. त्याचा उपयोग लिहा, पण डॉक्टरांना विचारल्यावाचून तो करून पाहू नका. आणि प्रत्येक पानाच्या खाली, ज्यांनी सांगितले त्यांचे नाव, गाव आणि तारीख घालायला विसरू नका.