विश्लेषण : ‘शेव्हरोले’ नावाच्या माणसाने फोर्डच्या गाडीला पिकअप का दिला?

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठणाऱ्या रस्त्यावर एखादी जुनी शेव्हरोले टवेरा अजून दिसते. कंपनीने भारतातली विक्री २०१७ च्या अखेरीस बंद केली. पण गाडीच्या तोंडावरची सोनेरी ‘बो-टाय’ खूण काही गेली नाही. हे नाव एका माणसाचे आहे. लुई शेव्हरोले. गंमत अशी, की या माणसाने आयुष्यातले मोठे काम केले ते प्रतिस्पर्धी फोर्डच्या गाड्या पळवण्याचे.

पिकअप म्हणजे नेमके काय?

ऊसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असला, की गाडी ताशी किती किलोमीटर पळू शकते याला अर्थ उरत नाही. समोरचा रस्ता मोकळा आहे तेवढ्यात ती किती लवकर वेग घेते, हे महत्त्वाचे. यालाच आपण पिकअप म्हणतो, पुस्तकात प्रवेग. शंकरपटात ठरलेले अंतर कोणती जोडी कमी सेकंदांत कापते ते पाहतात. अमेरिकेतही तसेच : उभ्या गाडीने पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, किती सेकंदांत कापले? किंवा शून्यापासून ताशी ६० मैल (सुमारे ९७ किमी) गाठायला किती वेळ लागला?

फोर्डने एप्रिल १९६४ मध्ये मस्टँग आणली आणि शेव्हरोलेने सप्टेंबर १९६६ मध्ये कॅमेरोने उत्तर दिले, तेव्हापासून ही तुलना थांबलेली नाही. अलीकडच्या कॅमेरो झेडएल-१ साठी कंपनीचा दावा ३.५ सेकंदांचा, २०१८ च्या मस्टँग जीटीसाठी फोर्डचा दावा ४ सेकंदांच्या आतला. हे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवणे मात्र फसवे. झेडएल-१ ही कॅमेरोतली सर्वात ताकदीची, महागडी गाडी; जीटी त्या पंक्तीतली नाही. शिवाय अमेरिकेत पहिला सुमारे एक फूट सोडून घड्याळ सुरू करण्याची पद्धत रूढ आहे, त्यात दोन-तीन दशांश सेकंद सहज वाचतात. टायर, रस्त्याची पकड, हवेचे तापमान यांचा हिशेब वेगळाच.

लुई शेव्हरोले कोण होते?

जन्म २५ डिसेंबर १८७८, स्वित्झर्लंडमधल्या घड्याळांसाठी प्रसिद्ध ला शो-द-फाँ गावी. कुटुंब फ्रान्समध्ये बोन येथे गेले आणि लुई तिथे सायकल दुकानात कामाला लागले. १९०० मध्ये कॅनडा, तिथून न्यूयॉर्क. हाती मेकॅनिकची कला, अंगात शर्यतीची खुमखुमी. १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉरिस पार्कमध्ये फियाट चालवताना त्यांनी एक मैल ५२.८ सेकंदांत कापला, म्हणजे ताशी सुमारे ११० किमी. बार्नी ओल्डफील्ड या तेव्हाच्या सर्वात गाजलेल्या चालकालाही त्यांनी हरवले.

नाव हातचे कसे गेले?

विल्यम ड्युरांट यांनी १९०८ मध्ये जनरल मोटर्स उभी केली आणि दोनच वर्षांत ती त्यांच्या हातून गेली. पुन्हा उभे राहायला त्यांना लोकांच्या तोंडी असलेले नाव हवे होते. लुई त्यांच्याच ब्यूइकसाठी शर्यती जिंकत होते. ३ नोव्हेंबर १९११ रोजी दोघांनी शेव्हरोले मोटर कार कंपनी स्थापन केली.

लुईंनी घडवलेली पहिली गाडी, क्लासिक सिक्स : ४.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, ४० अश्वशक्ती, किंमत २,१५० डॉलर. फोर्डच्या मॉडेल टीच्या तिपटीहून जास्त. ड्युरांटना फोर्डशी टक्कर देणारी स्वस्त गाडी हवी होती, लुईंना आपल्या नावाला शोभणारी. सिगारेट सोडून सिगार ओढा असे ड्युरांटनी सुनावल्याने बिनसले, असाही किस्सा सांगतात. पण खरे भांडण गाडीचेच. लुई बाहेर पडले, शेअर विकले, आणि स्वतःचे आडनाव कंपनीकडेच राहिले. याच कंपनीच्या कमाईच्या जोरावर ड्युरांट १९१६ मध्ये जनरल मोटर्समध्ये परतले.

शेअर ठेवले असते तर लुई कदाचित श्रीमंत म्हणून मेले असते.

फोर्डशी नाते कसे जुळले?

त्याच १९१६ मध्ये लुईंनी नवी कंपनी काढली. तिला स्वतःचे नाव देता येईना, म्हणून नाव ठेवले फ्राँटेनॅक. १९२० मध्ये धाकटा भाऊ गॅस्टन यांनी लुईंनी घडवलेल्या गाडीतून इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियातल्या शर्यतीत गॅस्टन यांचा अपघाती मृत्यू झाला. पुढच्या वर्षी, १९२१ मध्ये, टॉमी मिल्टन यांनी फ्राँटेनॅकमधून तीच शर्यत पुन्हा जिंकली. पण शर्यतीच्या बक्षिसांवर कारखाना चालत नाही.

रस्तोरस्ती होती ती फोर्डची मॉडेल टी : २.९ लिटरचे इंजिन आणि जेमतेम २० अश्वशक्ती. तिचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असल्याने हवा वळसा घेऊन आत येई. इंजिनाचा श्वासच अपुरा पडे. लुई आणि भाऊ आर्थर यांनी त्याच इंजिनावर बसणारे नवे हेड बनवले, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असलेले. हवा-पेट्रोल जास्त आत, जळलेला वायू चटकन बाहेर. खालचा ब्लॉक फोर्डचाच, हेड शेव्हरोले बंधूंचे. अशा गाड्यांना ‘फ्राँटी-फोर्ड’ नाव पडले. १९२३ च्या इंडियानापोलिस शर्यतीत महागड्या रेसिंग गाड्यांच्या गर्दीत फ्राँटी-फोर्ड पाचवी आली.

अखेर कशी झाली?

पुढे लुईंनी विमानाच्या इंजिनात पैसा घातला आणि १९२९ ची मंदी आली. १९३० च्या दशकात ते डेट्रॉइटमध्ये शेव्हरोलेच्या कारखान्यात परतले, मेकॅनिक म्हणून. तोवर त्या नावाच्या गाड्या खपात फोर्डला मागे टाकू लागल्या होत्या. ६ जून १९४१ रोजी त्यांचे निधन झाले. दफन डेट्रॉइटमध्ये नाही, इंडियानापोलिसमध्ये झाले.