रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे

सर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (जन्म : मुर्डी, १६ फेब्रुवारी १८७६, मृत्यू : पुणे, ६ मे १९६६) हे भारतीय गणितज्ञ, शिक्षणतज्ज्ञ, बुद्धिवादी विचारवंत आणि उदारमतवादी राजकारणी होते. केंब्रिज विद्यापीठाच्या गणित ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. या यशामुळे महाराष्ट्रात ते ‘रँग्लर परांजपे’ या नावानेच ओळखले जातात. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सुमारे दोन दशके भूषविले.

बालपण आणि शिक्षण

परांजपे यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुर्डी या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची होती. पुढे महर्षी म्हणून प्रसिद्धीस आलेले धोंडो केशव कर्वे हे त्यांचे नातलग होत. मुलाची बुद्धिमत्ता ओळखून कर्व्यांनी त्यांना शिक्षणासाठी मुंबईला आपल्या घरी नेले. त्या काळी कर्वे मुंबईतील शाळांतून गणित शिकवीत आणि शिकवण्याही करीत. एका गणित-शिक्षकाच्या घरात राहून शिकण्याची ही संधी परांजप्यांच्या जडणघडणीत निर्णायक ठरली.

लोकमान्य टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून १८९१ मध्ये कर्वे त्या जागी रुजू झाले. परांजप्यांचे उच्च शिक्षणही फर्ग्युसनमध्येच झाले. तेथे गणित शिकविण्याची परंपरा विलक्षण होती. टिळक हे डेक्कन कॉलेजात केरूनाना छत्रे यांचे आवडते विद्यार्थी होते. इंग्रजी आणि इतिहासासाठी प्रसिद्ध असलेल्या गोखल्यांनीही गणित शिकविले होते व त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांतून दीर्घकाळ चालले. १८९४ मध्ये परांजपे मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी. परीक्षेत पहिले आले. १८९६ मध्ये भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले.

ट्रायपॉस परीक्षा आणि तिची तालीम

गणित ट्रायपॉस ही त्या काळातील गणिताची सर्वांत नावाजलेली चुरशीची परीक्षा होती. पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्यांस ‘रँग्लर’ म्हणत आणि त्यांची नावे गुणानुक्रमे जाहीर होत. पहिला आलेला विद्यार्थी सीनियर रँग्लर ठरे व त्याचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत झळके. ठरावीक वेळात अधिकाधिक अवघड उदाहरणे सोडवावी लागत असल्याने बुद्धीइतकेच महत्त्व सरावाला असे.

हा सराव विद्यापीठाच्या व्याख्यानांतून होत नसे. त्यासाठी खाजगी शिक्षकांची एक स्वतंत्र परंपराच निर्माण झाली होती. विल्यम हॉपकिन्स हे मूळचे शेतकरी. वयाच्या तिशीच्या सुमारास ते केंब्रिजला आले आणि १८२७ मध्ये सातवे रँग्लर झाले. विवाहित असल्यामुळे त्या वेळच्या नियमांनुसार त्यांना महाविद्यालयाची फेलोशिप मिळू शकली नाही. म्हणून त्यांनी खाजगी अध्यापन पत्करले आणि स्टोक्स, केल्व्हिन, मॅक्सवेल यांच्यासारखे विद्यार्थी घडविले. त्यांचे शिष्य एडवर्ड राऊथ हे १८५४ चे सीनियर रँग्लर. त्या वर्षी मॅक्सवेल दुसरे आले होते. पुढे राऊथ यांच्या हाताखाली २५ हून अधिक सीनियर रँग्लर तयार झाले. असे शिक्षक बहुधा स्वतःच त्या परीक्षेच्या मुशीतून निघालेले असत.

परांजप्यांपूर्वी आनंदमोहन बोस हे १८७४ मध्ये रँग्लर होणारे पहिले भारतीय ठरले होते. परंतु अग्रस्थान कोणाही भारतीयास मिळाले नव्हते. १८९९ मध्ये परांजपे आणि पेंब्रोक महाविद्यालयाचे जॉर्ज बर्टविसल यांना समान गुणांमुळे संयुक्तपणे सीनियर रँग्लर घोषित करण्यात आले. पारतंत्र्याच्या काळात, राज्यकर्त्यांच्याच विद्यापीठात मिळालेल्या या यशाचे भारतात मोठे कौतुक झाले. बुद्धीच्या क्षेत्रात भारतीय कोणाहून कमी नाहीत, याचा तो पुरावा मानला गेला. सेंट जॉन्स महाविद्यालयाने त्यांना फेलो म्हणून निवडले. भारतात परतण्यापूर्वी त्यांनी पॅरिस आणि गटिंगेन येथेही अध्ययन केले.

फर्ग्युसन महाविद्यालयातील कार्य

एवढ्या यशानंतर भरघोस वेतनाची सरकारी नोकरी परांजप्यांना सहज मिळू शकली असती. ती वाट न धरता ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. अल्प वेतनावर संस्थेची वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन आजीव सदस्यांवर असे. महादेव शिवराम गोळे यांच्यानंतर १९०२ मध्ये परांजपे प्राचार्य झाले, त्या वेळी त्यांचे वय अवघे २६ वर्षे होते. ज्या वर्गांत ते विद्यार्थी म्हणून बसले, त्याच वर्गांत ते गणित शिकवू लागले. काही वर्षे कर्वे हेही तेथे त्यांचे सहकारी होते.

त्यांच्या कारकिर्दीत महाविद्यालयाचा विस्तार झाला आणि गणिताच्या अध्ययनाचे केंद्र म्हणून त्याचा लौकिक वाढला. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची स्थापना झाली. तिच्या उभारणीत परांजप्यांचा सहभाग होता आणि तिचे ग्रंथालय अनेक वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयात होते. परदेशी नियतकालिके दुर्मीळ असलेल्या त्या काळात देशभरच्या गणित-शिक्षकांना या ग्रंथालयाचा मोठा आधार मिळाला. याच संस्थेच्या नियतकालिकात १९११ पासून श्रीनिवास रामानुजन यांचे लेखन प्रसिद्ध होऊ लागले.

फर्ग्युसनचे विद्यार्थी गणेश सखाराम महाजनी हेही पुढे केंब्रिजला जाऊन रँग्लर झाले आणि परत येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. परांजप्यांच्या नावे गणितातील स्वतंत्र कार्यासाठी पारितोषिक ठेवण्यात आले होते. १९२७ मध्ये ते फर्ग्युसनचे विद्यार्थी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना मिळाले. कापरेकर पुढे देवळालीत शाळाशिक्षक झाले आणि ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे जगभर ज्ञात झाले.

सार्वजनिक जीवन

परांजपे मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते आणि द्विदल राज्यपद्धतीत मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरुपदाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. १९२७ ते १९३२ या काळात ते लंडनमधील इंडिया कौन्सिलचे सदस्य होते. १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे आणि १९५६ ते १९५९ पुणे विद्यापीठाचे ते कुलगुरू होते. १९४४ ते १९४७ या काळात त्यांनी ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त म्हणून काम पाहिले. १९४२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

ते निरीश्वरवादाकडे झुकलेले बुद्धिवादी होते. इंडियन रॅशनलिस्ट असोसिएशनचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. गोखले व कर्वे यांची चरित्रे, ‘द क्रक्स ऑफ द इंडियन प्रॉब्लेम’ आणि ‘एटी-फोर नॉट आउट’ हे आत्मचरित्र ही त्यांची इंग्रजी ग्रंथसंपदा होय.

कुटुंब

लेखिका, कुटुंबनियोजनाच्या कार्यकर्त्या व राज्यसभेच्या सदस्या शकुंतला परांजपे या त्यांच्या कन्या. त्यांनीही केंब्रिजमध्ये गणिताचे शिक्षण घेतले. चित्रपट-दिग्दर्शिका सई परांजपे या त्यांच्या नात होत.

मूल्यमापन

परांजप्यांच्या नावावर गणितातील मोठे संशोधन नाही. परीक्षेतील अग्रस्थान आणि संशोधनातील प्रतिभा यांचा संबंध अनिवार्य नसतो, असा आक्षेप ट्रायपॉसवर त्या काळीच घेतला जात होता. १८९८ चे चौथे रँग्लर जी. एच. हार्डी हे या पद्धतीचे कठोर टीकाकार होते. १९०९ नंतर रँग्लरांची नावे गुणानुक्रमे जाहीर करण्याची प्रथा बंद झाली. याच हार्डींनी पुढे, पदवी नसलेल्या रामानुजनांची प्रतिभा ओळखली.

परांजप्यांचे कार्य मुख्यत्वे अध्यापनाचे आणि संस्था उभारणीचे आहे. स्पर्धेने दिलेली कीर्ती त्यांनी पुण्यातील एका खाजगी महाविद्यालयाच्या कामी लावली. छत्रे, टिळक, गोखले आणि कर्वे यांच्यापासून चालत आलेली गणित-अध्यापनाची परंपरा त्यांच्याद्वारे पुढील पिढीपर्यंत पोहोचली. ‘रँग्लर’ हा परकीय शब्द मराठीत गणितातील नैपुण्याचा समानार्थी शब्द म्हणून रूढ झाला, तोही प्रामुख्याने त्यांच्यामुळेच.