जखमी सैनिकांचा धन्वंतरी : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

परक्या देशाच्या रणभूमीवर जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता ज्यांनी देह ठेवला, त्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी संपादन केली.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली आणि काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. डॉ. मदन अटल यांच्या नेतृत्वाखाली डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी व डॉ. कोटणीस असे पाच डॉक्टर १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले.

चीनमध्ये असतानाच कोटणीसांना पितृनिधनाची वार्ता कळली. घरी परतण्याची मुभा असूनही ते पुढे निघाले. १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. कालांतराने चोळकर, मुखर्जी व अटल मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू मात्र तेथेच राहिले.

आठव्या मार्ग सेनेबरोबर उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात काम करणे म्हणजे औषधांची टंचाई आणि सततची भटकंती. १९४० मधील एका प्रदीर्घ लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. एकट्याच्या हातांनी सर्व जखमींना पुरे पडता येणार नाही, हे जाणून त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि तरुण चिनी विद्यार्थ्यांना वैद्यकशास्त्र शिकविले.

त्याच वर्षी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी ते विवाहबद्ध झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुत्र झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या चिनी नावांतील अक्षरे जोडून त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. परंतु अतिश्रमाने शरीर खंगले होते. अपस्माराच्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांना पाठविण्यात पुढाकार घेणारे नेहरू त्या वेळी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात होते.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला. चीनमधील शिच्याच्वांग येथे त्यांची समाधी, तर सोलापुरात जन्मघरी त्यांचे स्मारक आहे. पारतंत्र्यातील एका देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशाला दिलेली ही भेट दोन्ही ठिकाणी आजही स्मरणात आहे.