८२ दिवसांचा उपाध्यक्ष

मित्रांनो, जीएसची इलेक्शन जवळ आली की पॅनेल कसं बनतं हे तुम्हाला मी सांगायला नको. जीएस मेकॅनिकलचा असेल तर जॉइंट सेक्रेटरी कॉम्प्युटरचा हवा. एक डे-स्कॉलर हवा, एक मुलगी हवी, आणि फर्स्ट इयरची मतं ओढणारा एखादा क्रिकेटवाला हवा. उद्या जीएस काही कारणाने मध्येच गेला तर हा जॉइंट सेक्रेटरी सगळं सांभाळेल का, हा प्रश्न मी तरी एकाही पॅनेलच्या मीटिंगमध्ये ऐकलेला नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपल्या जोडीला उपाध्यक्षपदाचा उमेदवार घेतो, तिथेही बऱ्याचदा हेच गणित असतं. आपण उत्तरेकडचे तर जोडीदार दक्षिणेकडचा. आपण शहरी तर तो खेड्यातला. फरक एवढाच, की तिथे हा दोन नंबरचा माणूस एका रात्रीत जगातल्या सर्वात ताकदवान खुर्चीवर बसू शकतो. हॅरी ट्रुमनचं अगदी तेच झालं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हिस्टरीच्या पुस्तकात हा माणूस एका ओळीपुरता यायचा, हिरोशिमावर बाँब टाकणारा म्हणून. तो तिथपर्यंत पोचला कसा, हे मला लायब्ररीत त्याचं चरित्र हाताला लागलं तेव्हा कळलं, आणि मी थक्क झालो.

ट्रुमनचा जन्म ८ मे १८८४ रोजी मिसुरी राज्यातल्या लमार या छोट्या गावी झाला. लहानपणापासून डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. चष्मा फुटेल म्हणून मैदानी खेळ बंद, त्यामुळे पोरगा पुस्तकं आणि पियानो यांच्यात रमला. वेस्ट पॉइंटला जायचं स्वप्न होतं, पण डोळ्यांमुळे तेही बारगळलं. घरची परिस्थिती बिघडली आणि कॉलेज राहूनच गेलं. विसाव्या शतकात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला, कॉलेजची डिग्री नसलेला हा एकमेव माणूस. (केटी लागलेल्यांनी यातून फार मोठा दिलासा घेऊ नये!)

आधी बँकेत क्लार्क, मग १९०६ पासून दहा-अकरा वर्षं घरच्या शेतावर नांगर. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्याचा कॅप्टन म्हणून फ्रान्समध्ये लढला आणि आपण माणसं सांभाळू शकतो हे त्याला तिथे पहिल्यांदा उमगलं. परत आल्यावर १९१९ मध्ये लग्न केलं आणि एका मित्राबरोबर कॅन्सस सिटीत पुरुषांच्या शर्ट-टायचं दुकान काढलं. १९२२ मध्ये दुकान बुडालं. दिवाळखोरी जाहीर करून हात झटकता आले असते, पण पठ्ठ्याने तसं केलं नाही. पुढे कित्येक वर्षं तो ते कर्ज फेडत राहिला.

राजकारणात त्याला आणलं टॉम पेंडरगास्ट नावाच्या बॉसच्या माणसांनी. कॅन्सस सिटीत पेंडरगास्टच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. त्याच्या पाठिंब्यावर ट्रुमन काउंटी जज्ज झाला. नाव जज्ज असलं तरी काम साधारण आपल्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षासारखं होतं, म्हणजे रस्ते, इमारती आणि बजेट. सिव्हिलवाल्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे याने काउंटीत काँक्रीटचे रस्ते बांधले आणि टेंडर कमीत कमी बोलीवाल्याला दिली. बॉसचा स्वतःचा काँक्रीटचा धंदा असताना! १९३४ मध्ये तो सेनेटवर निवडून आला, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये लोक त्याला पेंडरगास्टचा माणूस म्हणूनच ओळखायचे. १९३९ मध्ये पेंडरगास्ट करचुकवेगिरीत जेलमध्ये गेला. ट्रुमनचा पण खेळ संपला असं सगळ्यांना वाटलं, पण १९४० मध्ये तो थोडक्यात का होईना, पुन्हा निवडून आला.

आणि मग १९४१ मध्ये त्याला त्याचं खरं काम सापडलं. युद्धाच्या तयारीसाठी सरकार पाण्यासारखा पैसा ओतत होतं. तो कुठे मुरतोय हे बघायला ट्रुमनने सेनेटची एक समिती मागून घेतली. सुरुवातीला बजेट फक्त १५,००० डॉलर. या समितीने छावण्यांच्या बांधकामापासून विमानांच्या इंजिनांपर्यंत सगळं तपासलं. एका पोलाद कारखान्यात प्लेट्सच्या टेस्टिंगचे आकडे सरळसरळ खोटे लिहिले जात होते, तेही यांनी बाहेर काढलं. लॅबमध्ये ग्राफ सरळ यावा म्हणून आपण रीडिंग ॲडजस्ट करतो ना, तसंच. फक्त त्या प्लेट्स जहाजांना लागणार होत्या. समितीने अब्जावधी डॉलर वाचवले असं मानतात, आणि मिसुरीचा हा चष्मेवाला सेनेटर देशभर माहीत झाला.

आता येऊ १९४४ च्या जुलैकडे. फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभा राहणार होता. मार्चमध्ये डॉक्टरांनी त्याला तपासलं होतं. ब्लड प्रेशर भयंकर वाढलेलं, हृदय कमजोर. जनतेला यातलं काही सांगितलं नव्हतं, पण जवळच्या माणसांना डोळ्यांना दिसत होतं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या पुढाऱ्यांना कळून चुकलं, की या खेपेस उपाध्यक्ष निवडणं म्हणजे बहुधा पुढचा राष्ट्राध्यक्ष निवडणं.

तेव्हाचा उपाध्यक्ष हेन्री वॉलेस. शेतीतला मोठा तज्ज्ञ, हायब्रिड मक्याचं बियाणं विकणारी कंपनी काढलेला. कामगार आणि कृष्णवर्णीय मतदार त्याच्यावर खूश, पण दक्षिणेकडचे पुढारी आणि शहरांतले बॉस लोक त्याचं नाव काढलं की भडकायचे. दुसरा होता जेम्स बर्न्स. अतिशय अनुभवी, पण दक्षिणेतला आणि वर्णभेदाच्या बाजूचा, म्हणून कामगार संघटना आणि कृष्णवर्णीय विरोधात. त्यात त्याने तरुणपणी कॅथॉलिक पंथ सोडलेला, म्हणजे कॅथॉलिक मतंही धोक्यात. तिसरा सुप्रीम कोर्टाचा जज्ज विल्यम डग्लस. रूझवेल्टला पसंत, पण पक्षात त्याच्यामागे कोणी नाही.

एलिमिनेशन मेथडने सोडवा, उरतो ट्रुमन! मिसुरी धड उत्तरेतही नाही, धड दक्षिणेतही नाही. कामगार त्याच्यावर नाराज नाहीत, दक्षिणेला तो परका नाही, समितीमुळे नाव स्वच्छ. त्याच्यासाठी जीव टाकणारं कोणी नव्हतं, पण त्याला नको म्हणणारंही कोणी नव्हतं. ११ जुलैच्या रात्री व्हाइट हाउसमधल्या बैठकीत पुढाऱ्यांनी त्याच्यावर जवळजवळ शिक्का मारला.

गंमत म्हणजे रूझवेल्टने कोणालाच तोंडावर नाही म्हटलं नाही. वॉलेसला पाठिंब्याचं पत्र दिलं, बर्न्सलाही आशा दाखवली, आणि पक्षाध्यक्ष हॅनेगनला ट्रुमन किंवा डग्लस दोघेही चालतील अशी चिठ्ठी दिली. इकडे ट्रुमनला ते पद नकोच होतं. तो तर शिकागोच्या अधिवेशनात बर्न्सचं नाव सुचवायला आला होता. शेवटी हॅनेगनने हॉटेलच्या खोलीतून रूझवेल्टला फोन लावला आणि ट्रुमनला ऐकू जाईल असा धरला. पलीकडून रूझवेल्टने खडसावलं, की ऐन युद्धात पक्ष फोडायचा असेल तर ती जबाबदारी ट्रुमनची. ट्रुमन तयार झाला. २१ जुलैला पहिल्या फेरीत वॉलेसला ४२९.५ आणि ट्रुमनला ३१९.५ मतं पडली. दुसऱ्या फेरीत राज्यामागून राज्यं फिरली आणि शेवटी ट्रुमन १०३१, वॉलेस १०५!

इथपर्यंत ही निवड मला चक्क चांगली वाटते. बॉस लोकांनी का असेना, पण उद्या हा माणूस खुर्चीवर बसणार आहे हे धरून निवड केली. पण निवडल्यानंतर जे झालं, त्याला काय म्हणायचं? २० जानेवारी १९४५ ला शपथविधी झाला आणि थोड्याच दिवसांत रूझवेल्ट याल्टाला निघून गेला. कॅबिनेटच्या बैठका सोडल्या तर ८२ दिवसांत दोघांची भेट झाली फक्त दोनदा. स्टॅलिनशी काय ठरलं, चर्चिलशी काय बिनसलं, कशाचाही पत्ता ट्रुमनला नव्हता.

१२ एप्रिलला त्याला तातडीने व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. रूझवेल्ट गेल्याची बातमी मिसेस रूझवेल्टनी स्वतः त्याला दिली. संध्याकाळी ७ वाजून ९ मिनिटांनी शपथ झाली. त्यानंतर युद्धमंत्री स्टिमसनने त्याला बाजूला घेऊन एका प्रचंड शक्तीच्या स्फोटकाबद्दल दोन शब्द सांगितले. पूर्ण माहिती मिळाली २५ एप्रिलला. आणि हीच ती गुप्त योजना, जिच्यावर एवढा पैसा कशाला जातोय हे ट्रुमनच्या समितीने १९४३ मध्येच विचारलं होतं! तेव्हा याच स्टिमसनने चौकशी करू नका म्हणून विनंती केली होती आणि ट्रुमनने ती मानली होती. १६ जुलैला बाँबची चाचणी झाली, ६ ऑगस्टला हिरोशिमा, ९ ला नागासाकी.

त्या निर्णयावर आमच्या विंगमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद झालेत आणि ते मिटलेले नाहीत. मला स्वतःला नागासाकी कुठल्याच हिशोबात बसवता येत नाही. पण एवढं नक्की, की ज्याला हे सगळं ठरवायचं होतं त्याला विचार करायला चार महिनेसुद्धा मिळाले नाहीत. वर्षभर आधी सांगितलं असतं तर निर्णय बदलला असता का, कुणास ठाऊक. सांगायला मात्र हवं होतं.

ट्रुमनने हे लक्षात ठेवलं. त्या काळच्या नियमाप्रमाणे १९४९ पर्यंत अमेरिकेला उपाध्यक्षच नव्हता, रिकामी जागा भरायची सोय १९६७ मध्ये आली. १९४८ मध्ये त्याने स्वतः जोडीदार घेतला तो ७० वर्षांचा ॲल्बेन बार्कली. तोही शेजारच्याच केंटकीचा, म्हणजे बॅलन्सचं गणित धाब्यावर! आधी डग्लसला विचारलं होतं, तो नाही म्हणाला. सगळे पंडित हरणार म्हणत असताना ट्रुमन ३०३ विरुद्ध १८९ ने जिंकला. आणि १९४९ मध्ये कायदा बदलून उपाध्यक्षाला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत कायमची जागा मिळाली. आपल्यावर आली ती वेळ पुढच्यावर येऊ नये, याची ही सोय.

मार्शल प्लॅन, सैन्यातला वर्णभेद बंद करणारा आदेश, कोरियाचं युद्ध, जनरल मॅकआर्थरला घरी बसवणं, हे सगळं त्याने केलं. १९४९ मध्ये पंडित नेहरू पहिल्यांदा अमेरिकेला गेले तेव्हा त्यांचं स्वागत करणारा हाच. १९५३ मध्ये तो रेल्वेने आपल्या गावी परत गेला आणि २६ डिसेंबर १९७२ ला वारला.

तेव्हा मित्रांनो, यंदा पॅनेल बनवताना मतांचं गणित जरूर मांडा, त्याशिवाय कोणी निवडून येत नाही. पण ज्याला दोन नंबरला घ्याल, त्याला हिशोबाची वही पहिल्याच दिवशी दाखवा.