डॉ. हॅरिएट चिक : मुडदुसाचे कोडे सोडवणाऱ्या शास्त्रज्ञ



विज्ञानाच्या पुस्तकात जीवनसत्त्वांचा तक्ता असतो. जीवनसत्त्व ड, अभावी होणारा रोग मुडदूस. मुले जोड्या लावतात, गुण मिळवतात आणि विसरून जातात. पण ही एक ओळ तक्त्यात कशी आली, याची गोष्ट सांगितली तर ती पाठ करावीच लागत नाही. म्हणून आज आपण डॉ. हॅरिएट चिक यांची ओळख करून घेऊ या.

त्यांचा जन्म ६ जानेवारी १८७५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील लेसचे व्यापारी, घरात भरपूर भावंडे, आणि मुलींनाही शिकवणारे घर. १९०५ साली त्यांनी लंडनच्या लिस्टर संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला, तेव्हा तिथल्या दोघांनी बाईला घेऊ नका म्हणून संचालकांना गळ घातली. संचालकांनी ऐकले नाही. हॅरिएट तिथे रुजू झाल्या आणि पुढे चाळीस वर्षे काम करत राहिल्या. जंतुनाशकांची ताकद मोजण्याची चिक-मार्टिन चाचणीही त्यांचीच बरं का!

आता चला १९१९ च्या व्हिएन्नाला. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. शहरात दूध नाही, लोणी नाही. लहान बाळांची हाडे मऊ पडत होती, पाय वाकत होते. मुडदूस घरोघरी होता, पण तो कशाने होतो यावर डॉक्टरांचे एकमत नव्हते. कोणी म्हणे हा संसर्ग आहे, कोणी म्हणे अंधाऱ्या घरांमुळे होतो. इंग्लंडमध्ये मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून आहारातल्या कमतरतेकडे बोट दाखवले होते. बर्लिनमध्ये हुलडशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुले बरी केली होती. मग खरे काय, अन्न की प्रकाश?

चव्वेचाळीस वर्षांच्या हॅरिएट आपल्या सहकारी महिलांना घेऊन तिथल्या बालरुग्णालयात दाखल झाल्या. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. फॉन पिर्के यांना मुडदूस संसर्गाने होतो असे वाटत होते. तरीही त्यांनी आपले वॉर्ड या कामासाठी खुले करून दिले. मत वेगळे असूनही समोरच्याला तपासू देणे, हा गुण मुलांना जरूर दाखवा.

प्रयोग साधा पण काटेकोर होता. स्वच्छता तीच, देखभाल तीच, फरक फक्त आहारात. काही बाळांना तिथला नेहमीचा आहार, तर काहींना चांगले दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल. हिवाळ्यात नेहमीच्या आहारावरच्या काही बाळांना मुडदूस झाला. तेल घेणारी बाळे वाचली. संसर्ग असता तर शेजारच्या पाळण्यात पोहोचलाच असता ना? उन्हाळ्यात मात्र त्याच जुन्या आहारावर कोणालाच मुडदूस झाला नाही. आजारी बाळांची हाडे तेलाने भरून आली, तशीच उन्हाने आणि अतिनील दिव्यानेही भरून आली. क्ष-किरण चित्रांत ते स्पष्ट दिसत होते. म्हणजे अन्नवालेही बरोबर होते आणि प्रकाशवालेही!

याचे कारण पुढे कळले. अंगावर ऊन पडले की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. तेच त्या तेलातही असते. त्याच्या मदतीने आतडे अन्नातले कॅल्शियम शोषून घेते. १९२२ साली मॅककॉलम यांनी त्याला 'ड' हे अक्षर दिले. त्याच वर्षी आपल्या नाशिक भागातला डॉ. हचिसन आणि शाह यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांतल्या बायका-मुलांत मुडदूस होता. उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या घरांत तो दिसला नाही.

आज तेलाच्या बाटलीऐवजी थेंब, गोळ्या आणि पुड्या आल्या आहेत. गरज असेल तिथे त्या मोलाच्याच आहेत. पण ड जीवनसत्त्व चरबीत विरघळते, जास्त झाले तर शरीरात साठते. रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ६०,००० युनिटची पुडी ही रोज घ्यायची गोष्ट नाही. किती आणि किती दिवसांनी, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. शेजारच्या बाळाला दिली म्हणून आपल्या बाळाला देऊ नका. आणि खिडकीच्या बंद काचेतून येणारे ऊन या कामी उपयोगाचे नाही, हेही लक्षात असू द्या.

हॅरिएट यांना १९४९ मध्ये 'डेम' हा किताब मिळाला. १९७७ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शिक्षक मित्रांनो, अभ्यासक्रम मागे पडला की आपण पहिला हात खेळाच्या तासावर मारतो. पुढच्या वेळी तसे करण्याआधी व्हिएन्नाचे ते पाळणे आठवा, आणि मुलांना मैदानावर जाऊ द्या.